आपली सुट्टी, त्यांची शाळा

शाळा उघडल्या. विदर्भातल्या मुलांना उन्हाच्या कृपेने दरवर्षी थोडे दिवस जास्त मिळतात. बाकी महाराष्ट्रात मात्र जूनच्या मध्याला करकरीत वह्या, ओल्या रेनकोटांचा वास आणि रिक्षावाल्या काकांची घाई पुन्हा सुरू झाली आहे. पहिल्याच आठवड्यात वर्गात एक प्रश्न हमखास येतो : सुट्टीत कुठे कुठे जाऊन आलात? या प्रश्नाची उत्तरं एके काळी ठरलेली असत. मामाकडे, आत्याकडे, कोकणात, फार तर महाबळेश्वरला. आता मुंबई-पुण्या-नाशिकच्या बऱ्याच वर्गांत हात वर होतात आणि सिंगापूर, दुबई, बाली, थायलंड, स्वित्झर्लंड अशी नावं खणखणीत आवाजात ऐकू येतात. ज्याचं उत्तर ‘घरीच होतो’ असं असतं, तो नेमका त्याच वेळी बाकाखाली पडलेलं पेन शोधायला वाकतो.

यावर नाक मुरडणारा अग्रलेख लिहिणं सोपं आहे. मामाच्या गावाची आठवण काढून चार उसासे टाकले की काम भागतं. पण आजचा मामा वाकडला नाही तर डोंबिवलीला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो, त्याला मे महिन्यात सुट्टी नसते आणि मामी सकाळी आठला घर सोडते. तिथे महिनाभर भाचरं पाठवायची कुणी? शिवाय आपल्या मुलांनी जग पाहावं असं आई-बापाला वाटत असेल, तर त्यात वावगं काय? प्रश्न जाण्याचा नाही. एवढा खर्च करून नेलेल्या मुलाला तिथे नेमकं काय दिसतं, हा आहे.

परदेश इतका जवळ आला, त्याला फार वर्षं झालेली नाहीत. सत्तरच्या दशकात देशाबाहेर जाणाऱ्याला जेमतेम आठ डॉलर हाती मिळत, अशी आठवण त्या पिढीतले लोक आजही सांगतात. ‘अपूर्वाई’ हे परदेशवारीचं प्रवासवर्णन १९६० साली पुस्तकरूपाने आलं, तेव्हा ते घरोघर वाचलं गेलं. आपल्या नशिबी ही वारी नाही हे बहुतेक वाचकांना ठाऊक होतं आणि त्या वाचनाच्या गोडीत तोही एक भाग होता. पुढे १९८४ मध्ये केसरी पाटलांनी ‘केसरी टूर्स’ काढली आणि मराठी मध्यमवर्गाला हळूहळू परदेशही गटाने जायची सवय लागली. आज रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात या योजनेतून भारतीयांनी परदेश प्रवासासाठी सुमारे १,७०० कोटी डॉलर बाहेर नेले. २०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडने आणि डिसेंबरात मलेशियाने भारतीयांसाठी व्हिसाची अट काढली, तेव्हापासून तर बँकॉक आणि क्वालालंपूरचा बेत गोव्याच्या बेताइतक्या सहज ठरू लागला. गोव्याची विमानाची तिकिटं मे महिन्यात काय भाव खातात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही.

सुट्टीच्या या बेतात शाळाही आता भागीदार झाली आहे. २०२५ साली राज्यात पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा एकाच वेळापत्रकाने २५ एप्रिलपर्यंत लांबल्या. तेव्हा पेपर तपासून १ मे रोजी निकाल कसा लावायचा, म्हणून शिक्षक अस्वस्थ झाले. आणि तिकिटं आधीच काढून बसलेले पालकही. युरोपचा व्हिसा हवा असेल तर मुलाच्या शाळेचं बोनाफाइड प्रमाणपत्र लागतं. मार्च महिन्यात शाळेच्या ऑफिसच्या खिडकीपाशी त्यासाठी रांग असते.

ती व्हिसाची फाइल मुलांनी जरूर पाहावी. एरवी घरात ज्याचा शब्द चालतो, तो बाप डायनिंग टेबलवर बँकेची स्टेटमेंटं, आयकराची विवरणपत्रं, कंपनीचं रजेचं पत्र, विम्याचा कागद असं सगळं पसरून बसलेला असतो. फोटोत डोक्याच्या वर किती जागा सुटली आहे, हे फूटपट्टीने मोजत असतो. मुलगा विचारतो, ‘बाबा, हे सगळं कशाला?’ खरं उत्तर असं, की आपण परत येणार आहोत हे आपल्याला सिद्ध करून दाखवायचं आहे. बारा वर्षांखालच्या मुलाच्या बोटांचे ठसे शेंगेन व्हिसासाठी घेत नाहीत, आई-बाबांचे घेतात. व्हिसा केंद्रात काचेपलीकडचा माणूस ‘अंगठा नीट दाबा’ म्हणतो आणि बाबा निमूटपणे दाबतात. आपल्या पासपोर्टचं वजन जगात किती आहे, याची कल्पना मुलाला नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा या काचेपाशी जास्त चांगली येते.

आमच्या मते मुलाच्या परदेशवारीची खरी कमाई इथूनच सुरू होते. आपल्या गावात, आपल्या भाषेत आई-बाबा सर्वज्ञ असतात. कुठली बस कुठे जाते, रिक्षावाल्याशी किती घासाघीस करायची, कुणापुढे आवाज चढवायचा आणि कुणापुढे नरम व्हायचं, हे सगळं त्यांना येतं. परक्या शहरात विमानातून उतरलं की पुढच्या अर्ध्या तासात हे सर्वज्ञपण गळून पडतं. मेट्रोच्या तिकिटाचं यंत्र समोर असतं. बाबा एक बटण दाबतात, पडदा जपानी लिपीत जातो. दुसरं दाबतात, तो पहिल्या पानावर परत येतो. मागे चार माणसं शांतपणे उभी असतात आणि त्यांच्या त्या शांतपणानेच घाम फुटतो. मग अकरा वर्षांची मुलगी पुढे होते, कोपऱ्यातल्या ‘इंग्लिश’वर बोट ठेवते आणि म्हणते, ‘थांबा हो बाबा, मी करते.’ नकाशावर लाल रेषा कुठे हिरव्या रेषेला मिळते हे तिला दिसतं. बाबांना चष्मा बदलावा लागतो. त्या दिवसापुरती ती घरातली मोठी होते. आई-बाबाही चुकतात, गोंधळतात, अनोळखी माणसाला हात जोडून रस्ता विचारतात आणि तरीही काही बिघडत नाही, हे मुलांना घरी सहसा पाहायला मिळत नाही.

ग्रुप टूरमध्ये नेमकं हेच मिळू नये अशी चोख व्यवस्था असते. या टूर्सना आम्ही सरसकट नावं ठेवणार नाही. इंग्रजीला बिचकणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या, आयुष्यभर संसाराच्या धबडग्यात अडकलेल्या हजारो बायकांनी आल्प्सचं बर्फ पाहिलं, ते या मंडळींमुळेच. मावशींना युंगफ्राउयोखच्या साडेतीन हजार मीटर उंचीवर जेवायला गरम भात-आमटी मिळाली, तर त्यात हसण्यासारखं काही नाही. पण मुलाच्या बाजूने पाहिलं, तर टूर लीडरच्या ‘सहा-सात-आठ’ला तो बांधलेला असतो : सहाला उठणं, सातला नाश्ता, आठला बस. बसमध्ये मराठी गाणी, डब्यात लाडू-चिवडा, शेजारी ठाण्याचे काका. उतरायचं, फोटो काढायचा, स्वच्छतागृहाच्या रांगेत उभं राहायचं, चढायचं. टिटलिसच्या शिखरावर शाहरुख आणि काजोलचा कटआउट आपली वाट पाहत उभा असतो, इंटरलाकेनमध्ये यश चोप्रांचा पुतळा. स्वित्झर्लंडने आपल्याला हवं ते स्वित्झर्लंड आपल्यासाठी मांडून ठेवलं आहे. आठवडाभराने मूल परत येतं तेव्हा त्याने तिथल्या एकाही माणसाशी ‘थँक यू’पलीकडे एक वाक्य बोललेलं नसतं.

आणि याच आठवडाभरात, बसच्या काचेपलीकडे एक फार मोलाची गोष्ट चाललेली असते. मे महिना आपल्याला सुट्टीचा, कारण आपला उन्हाळा एप्रिल-मेचा. जगातल्या बहुतेक मुलांना तो शाळेचा महिना असतो. फ्रान्सची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टची, इंग्लंडची जुलैअखेरीपासून सहा आठवड्यांची. जर्मनीत प्रत्येक राज्याची सुट्टी वेगळ्या तारखेला सुरू होते, म्हणजे सगळा देश एकाच दिवशी रस्त्यावर येत नाही. जपानमध्ये मेच्या सुरुवातीचा ‘गोल्डन वीक’ सरला की थेट जुलैपर्यंत दप्तर पाठीवर. म्हणजे आपलं मूल सुट्टीवर असताना त्याच्याच वयाचं तिथलं मूल शाळेत निघालेलं असतं. इतिहासातली स्मारकं वर्षभर जागेवरच असतात. हे दृश्य मात्र मे महिन्यात जाणाऱ्या आपल्याच मुलांच्या वाट्याला येतं.

सकाळी पावणेआठला तोक्योच्या एखाद्या गल्लीत उभं राहावं. कडक चामड्याची चौकोनी दप्तरं पाठीला लावून मुलं चालत येतात. पहिलीतली पोरं पिवळ्या टोप्यांमुळे लांबून ओळखू येतात. सोबत आई नाही, बाबा नाहीत, रिक्षावाले काका नाहीत; तीन-चार मुलांचा घोळका, नाहीतर एकटंच. सिग्नलला हात वर करून रस्ता ओलांडतात. आपली पाचवीतली मुलगी, जिला आपण सोसायटीच्या फाटकापलीकडे एकटं सोडत नाही, ती हे पाहत असते. स्वित्झर्लंडच्या गावातही तेच. बालवाडीतली पोरं गळ्यात चमकदार त्रिकोणी पट्टा अडकवून पायी शाळेत जातात आणि कित्येक ठिकाणी दुपारी जेवायला घरी येऊन पुन्हा जातात. मोटारवाल्याला मूल दिसावं म्हणून तो पट्टा. पोरगं रस्त्यावर असणारच, तेव्हा सावध राहायचं ते मोटारवाल्याने, असा त्यामागचा हिशेब. आपल्याकडे सावध राहायचं पोराने, मोटार येणारच.

जपानच्या अनेक गावांत संध्याकाळी पाचच्या सुमाराला सार्वजनिक भोंग्यावर एक संथ धून वाजते. आपत्तीच्या इशाऱ्यासाठी बसवलेली ही यंत्रणा रोज एकदा वाजवून तपासली जाते आणि मुलांसाठी ती घरी परतायची खूण ठरून गेली आहे. मैदानावरचा खेळ थांबतो, सायकली वळतात. आपल्याकडे हे काम तिसऱ्या मजल्यावरून आईचा आवाज करतो. ही धून ऐकायला तिकीट लागत नाही आणि म्हणूनच ती कुठल्या पॅकेजमध्ये नसते. त्या वेळी पर्यटक ‘शॉपिंग टाइम’मध्ये असतात.

सिंगापूरचं तसंच. तिथल्या मर्लायनचा, सेंटोसाचा, युनिव्हर्सल स्टुडिओचा फोटो प्रत्येकाकडे आहे. हॉकर सेंटरमध्ये जेवण झाल्यावर ताट कुठे ठेवायचं, हे मात्र फार थोड्यांना आठवतं. २०२१ पासून तिथे आपला ट्रे आपणच उचलून ठरलेल्या जागी नेऊन ठेवणं सक्तीचं आहे. ऐकलं नाही तर दंड. घरी जेवणाचं ताट जागेवरच सोडून उठणारे बाबा, उष्टी भांडी सांभाळत, ट्रे दोन हातांत धरून गर्दीतून वाट काढत निघाले आहेत आणि पोरं मागून खुदुखुदू हसत आहेत, हे दृश्य सेंटोसाच्या कुठल्याही खेळाइतकं पाहण्यासारखं आहे. चांगी विमानतळावर तर तिथली शाळा-कॉलेजची मुलं चक्क अभ्यासाला येऊन बसतात, कारण तिथे थंडावा असतो, उजेड असतो आणि खाण्याची सोय असते. आपण त्या विमानतळावर धबधब्याचा व्हिडिओ काढत असतो आणि शेजारच्या टेबलावर कुणीतरी गणितं सोडवत असतं. सिंगापूरच्या मुलांवर परीक्षांचं ओझं आपल्या मुलांपेक्षा कमी नाही; बारा वर्षांच्या वयात तिथे एक मोठी परीक्षा द्यावी लागते. या दोन टेबलांवरच्या मुलांनी एकमेकांना नुसतं ‘तुमची परीक्षा कधी?’ एवढं जरी विचारलं, तरी सहलीचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

वेळापत्रकाच्या या खेळाची दुसरी बाजू आपल्याच माणसांच्या वाट्याला येते. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांची परदेशवारी म्हणजे पुणे, सातारा, नागपूर. त्यांची मोठी सुट्टी बहुधा जूनमध्ये, नाहीतर जुलैत. म्हणजे ही मुलं येतात तेव्हा आजीच्या घरातली आंब्याची आढी संपलेली असते, भावंडं शाळेत गेलेली असतात आणि बाहेर धो धो पाऊस. त्यांच्या आठवणीतला महाराष्ट्र म्हणजे चिखल, डास, वाळता न वाळणारे कपडे आणि दुपारभर रिकामं घर. हापूसबद्दल आई-बाबा एवढे हळवे का होतात, हे त्यांना कळत नाही. त्यांनी तो डब्यातल्या रसातच पाहिलेला असतो. मग एखाद्या वर्षी घरचं लग्न असलं की आई-बाप मे महिन्यातच घेऊन यायचं ठरवतात, आणि इंग्लंडमध्ये असतील तर अडचणीत येतात. तिथे शाळेच्या परवानगीशिवाय मुलाला पाच दिवस गैरहजर ठेवलं, तर आई आणि बाप दोघांनाही प्रत्येकी ८० पौंडांचा दंड होऊ शकतो. वेळेत भरला नाही तर तो दुप्पट. आइल ऑफ वाइटवरच्या एका बापाने २०१५ साली मुलीला शाळा चालू असताना फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला नेलं, दंड भरायला नकार दिला आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१७ मध्ये निकाल त्याच्या विरोधात लागला. जर्मनीतल्या मेमिंगेनच्या विमानतळावर तर २०१८ साली, सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवसांत विमान पकडायला आलेल्या कुटुंबांना पोलिसांनी ‘आज शाळा नाही का?’ असं विचारलं होतं. सुट्टी लागली की विमानाचे दर दुप्पट होतात, म्हणून आई-बाप दोन दिवस आधी निघू पाहतात. हे दुखणं सगळीकडचं आहे. आपल्याकडे अशा वेळी मुलाला ताप येतो आणि डॉक्टरांची चिठ्ठी मिळते.

पुन्हा वर्गातल्या त्या प्रश्नाकडे वळू. सुट्टीत कुठे गेला होता, हा प्रश्न आता निरागस राहिलेला नाही. पन्नास मुलांच्या वर्गात तो विचारला की दोन मिनिटांत प्रत्येक घराची मिळकत फळ्यावर लिहिल्यासारखी दिसते. शिवाय या राज्यात परमुलखात जाणारं आणखी एक मूल आहे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांबरोबर ते दिवाळीच्या सुमाराला निघतं, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावरच्या कोपीत राहतं आणि मार्च-एप्रिलमध्ये परततं. वर्गातल्या कुणाहीपेक्षा जास्त दिवस ते घराबाहेर होतं. तिथली बोली त्याला कळते, कारखान्याचा काटा कसा चालतो हे त्याने पाहिलेलं आहे, बैलांना पाणी कुठे मिळतं हे त्याला माहीत आहे. पण त्याचा प्रवास शाळेच्या दिवसांत झाला, म्हणून हजेरीपटावर ती गैरहजेरी ठरते. बाईंनी ‘कुठे गेला होतात?’ऐवजी ‘सुट्टीत कुणा अनोळखी माणसाशी बोललात?’ असं विचारून पाहावं. बालीच्या मुलाला कदाचित डोकं खाजवावं लागेल आणि बापाच्या हातगाडीवर आंबे विकायला बसलेला पोरगा अर्धा तास बोलत राहील.

पालकांकडे आमची मागणी फार मोठी नाही. प्रवासवर्णनं लिहिणाऱ्या मीना प्रभूंसारखं घराघरांत डोकावत, गप्पा मारत देश पालथा घालणं सगळ्यांना जमणार नाही; लहान पोरं बरोबर असताना तर नाहीच. पण आठ दिवसांच्या सहलीतला एक दिवस कोरा ठेवता येतो. ग्रुप टूर असली तरी एका दुपारी ‘आम्ही आज बसमध्ये नाही’ असं सांगता येतं. टूर लीडर थोडा कुरकुरेल, मग फोन नंबर लिहून देईल. त्या दिवसाचे पैसे मुलाच्या हातात द्यावेत, तिथल्या चलनात, मोजून. कुठे जायचं, कशाने जायचं, काय खायचं, हे त्याने ठरवावं. तिकीट त्याने काढावं, रस्ता त्याने विचारावा. चुकीच्या गाडीत बसवलं तर बसावं. दोन स्टेशनांनी उतरता येतं. पैसे दुपारी तीनलाच संपले तर रात्री खोलीवर मेतकूट-भात आहेच, बॅगेत आणलेला असतोच. आई-बाबांनी एवढंच करायचं, की ‘मी सांगत होतो ना’ हे वाक्य दिवसभर तोंडातून काढायचं नाही. आमच्या अंदाजाने सगळ्यात अवघड काम हेच आहे.

दिवाळीच्या सुट्टीच्या जाहिराती याच आठवड्यात सुरू होतील. व्हिएतनाम, अबू धाबी, जपानची पानगळ. आरक्षण करताना त्या कोऱ्या दिवसाचं आधीच ठरवून टाकावं, नंतर तो ‘ऑप्शनल साइटसीइंग’ गिळून टाकतं. एक इशारा मात्र द्यायला हवा. दहापैकी सहा मुलं तो दिवस हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात घालवायचं ठरवतील. घालवू द्यावा. तिथेही दुसऱ्या देशाचं एखादं पोरगं पाण्यात उडी मारायला उभं असतंच, आणि पाण्यात उडी मारण्यासाठी कुणालाही कुणाची भाषा यावी लागत नाही.